मत कशाची साक्ष देते? : खानापूर विधानसभा मतदारसंघाचा भूगोल आणि राजकारण

विधानसभा मतदारसंघ ही प्रशासनाने आखलेली सीमा असते. तिच्या आखणीत लोकसंख्या मोजली जाते, महसुली मंडळे जोडली जातात आणि एका प्रतिनिधीच्या वाट्याला साधारण समान मतदार यावेत असे पाहिले जाते. भाषा, नदी, अरण्य किंवा स्मृती यांची गणना या आखणीत थेटपणे होत नाही. तरीही निवडणुकीचा निकाल लागला की त्या निकालातून या सर्व गोष्टींविषयीचा कौल वाचला जातो. कर्नाटकाच्या बेळगावी जिल्ह्यातील खानापूर हा मतदारसंघ अशा वाचनाच्या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. येथे दीर्घकाळ मताकडे राज्याच्या सीमेविषयीची साक्ष म्हणून पाहिले गेले. पुढे निकाल बदलले आणि बदललेल्या निकालांकडेही त्याच दृष्टीने पाहण्याचा मोह निर्माण झाला. हा मोह कितपत समर्थनीय आहे, हा येथील विवेचनाचा विषय आहे.

भूमी आणि पाणलोट

बेळगावी जिल्ह्यातील अठरा विधानसभा मतदारसंघांपैकी खानापूर हा जिल्ह्याच्या नैऋत्य कोपऱ्यातील मतदारसंघ. खानापूर तालुका हा त्याचा गाभा. पश्चिमेला सह्याद्रीची धार आणि तिच्यापलीकडे गोवा, दक्षिणेला उत्तर कन्नड जिल्ह्याचे अरण्य, पूर्वेला कित्तूर-बैलहोंगलकडे उतरत जाणारा सपाट प्रदेश. बेळगावहून जांबोटी-कणकुंबीमार्गे चोर्ला घाट उतरला की गोवा लागतो. लोंढा जंक्शनावरून एक लोहमार्ग कॅसलरॉकमार्गे मुरगावला जातो, दुसरा हुबळीकडे आणि तिसरा बेळगाव-मिरजेकडे. घाटमाथ्यावर पावसाळ्यात पाऊस अखंड कोसळतो आणि भात हेच मुख्य पीक असते. पूर्वेकडे सरकावे तसा पाऊस उणावतो आणि शेतीचे स्वरूप पालटते. एका आमदाराच्या कार्यक्षेत्रात कोकणाला जवळची आणि देशाला जवळची अशा दोन्ही भूमी नांदतात.

या भूमीचे खरे वैशिष्ट्य पाण्यात आहे. कणकुंबीला मलप्रभेचा उगम आहे. ही नदी खानापूर शहरावरून पूर्वेकडे वाहत जाऊन कूडलसंगम येथे कृष्णेला मिळते आणि अखेर बंगालच्या उपसागराकडे जाते. याच तालुक्यातील देगाव परिसरात उगम पावणारी म्हादई मात्र पश्चिमेकडे वळते आणि गोव्यात मांडवी होऊन अरबी समुद्राला मिळते. म्हणजे भारतीय द्वीपकल्पाचा जलविभाजक या मतदारसंघाच्या आतून जातो. नदीचे नावही प्रदेशागणिक पालटते. घाटमाथ्यावर आणि गोव्यात ती म्हादई, कन्नड वृत्तपत्रांत आणि शासकीय कागदांत महादायी, पणजीपाशी मांडवी. कणकुंबीला उगमापाशी माउलीचे देऊळ आहे आणि माउली हे देवतानाम सिंधुदुर्गात व गोव्यातही सर्वपरिचित आहे. दैवतांचा हा प्रदेश राज्यांच्या सीमा जाणत नाही.

म्हादईच्या पाण्याचा वाद मात्र राज्यांच्या सीमांवरच उभा आहे. कळसा आणि भांडुरा हे तिचे दोन नाले अडवून त्यांचे पाणी मलप्रभेत वळवावे आणि ते सौंदत्तीजवळच्या नवीलुतीर्थ जलाशयातून हुबळी-धारवाडला पिण्यासाठी द्यावे, अशी कर्नाटकाची योजना आहे. २००६ नंतर कणकुंबी परिसरात त्यासाठी कालव्याचे खोदकाम झाले. गोव्याने हरकत घेतली, २०१० मध्ये लवाद नेमला गेला आणि १४ ऑगस्ट २०१८ रोजी त्याने निवाडा दिला. कर्नाटकाच्या वाट्याला १३.४२, गोव्याच्या वाट्याला २४ आणि महाराष्ट्राच्या वाट्याला १.३३ अब्ज घनफूट पाणी आले. कर्नाटकाच्या वाट्यापैकी ८.०२ अब्ज घनफूट जलविद्युतनिर्मितीसाठी आहे. मलप्रभेत वळवण्यासाठी कळसाचे १.७२ आणि भांडुराचे २.१८, असे मिळून ३.९ अब्ज घनफूटच आहे. २०१५ पासून या पाण्यासाठी तीव्र आंदोलन पेटले ते नरगुंद आणि नवलगुंद या दूरच्या तालुक्यांत. उगम खानापुरात, तहान धारवाड-गदगमध्ये आणि भीती गोव्यात, अशी ही विभागणी आहे. ज्या भूमीतून पाणी निघते तिथल्या मतदाराचा कौल या प्रश्नावर स्वतंत्रपणे कधी घेतला गेला नाही. मतदारसंघाच्या राजकारणातील ही पहिली विसंगती होय.

भाषांचे पट्टे आणि स्मृतींचे थर

तालुक्याच्या पश्चिम व मध्य भागात मराठीचे प्राबल्य आहे. पूर्वेकडील इटगी, पारिश्वाड, कक्केरी या बाजूला कन्नडचा प्रभाव वाढत जातो. बाजाराच्या गावांत उर्दू ऐकू येते, घाटाच्या कडेला कोकणीचा वारा लागतो. भाषांची सरमिसळ हे येथील दैनंदिन वास्तव आहे आणि दोन भाषांत व्यवहार करणे ही येथील माणसाच्या दृष्टीने विशेष गोष्ट नाही.

स्मृतींचे थरही असेच एकावर एक बसलेले आहेत. हलशी म्हणजे प्राचीन पलाशिका, बनवासीच्या कदंबांची दुसरी राजधानी. येथे सापडलेले आरंभीच्या कदंबांचे ताम्रपट संस्कृतात आहेत. येथील भूवराह-नरसिंह मंदिर नंतरच्या, गोव्याच्या कदंबांची आठवण देते. एकाच गावात बनवासी आणि गोवा या दोन दिशांचा इतिहास भेटतो. दक्षिणेच्या अरण्यात भीमगड किल्ला शिवकालाची आठवण सांगतो. नंदगडला संगोळ्ळी रायण्णाला १८३१ मध्ये इंग्रजांनी फाशी दिले. कित्तूरच्या राणी चेन्नम्माचा हा सरदार कन्नड गीगी पदांचा नायक आहे आणि त्याच्या समाधीला भाविक येतात. मराठीबहुल परिसरातील एक गाव कन्नड वीरकाव्याचे तीर्थस्थान व्हावे, ही बाब तौलनिक अभ्यासकाने लक्षात घ्यावी अशी आहे. प्रादेशिक साहित्याचा इतिहास लिहिताना 'प्रदेश' हा शब्द आपण एका भाषेशी बांधून टाकतो. नंदगडसारखे गाव त्या बांधणीत बसत नाही. तेथे स्मृतीची भाषा एक आणि शेजाराची भाषा दुसरी असू शकते, आणि या दोन्ही गोष्टी परस्परांना बाधक ठरत नाहीत.

मत म्हणजे साक्ष

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि मुंबई राज्यातील बेळगाव जिल्हा तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला. जिल्ह्यातील चंदगड तालुका तेवढा मुंबई राज्यात राहिला. खानापूर पलीकडे गेले. तेव्हापासून महाराष्ट्र एकीकरण समितीने निवडणुकीला एक विशिष्ट अर्थ दिला. महाराष्ट्राची मागणी चार तत्त्वांवर आधारलेली होती : खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुमत आणि लोकेच्छा. यांपैकी पहिली तीन तत्त्वे नकाशाने आणि जनगणनेने सिद्ध करता येतात. लोकेच्छा कशी सिद्ध करावी? सार्वमत कधी झाले नाही. तेव्हा निवडणूक हेच सार्वमत मानले गेले. समितीचा उमेदवार निवडून येणे म्हणजे लोकांनी पुन्हा एकदा साक्ष नोंदवणे, असा हा विचार होता. रस्ते आणि पाणी यांपेक्षा साक्ष महत्त्वाची होती. २००८ पूर्वी दीर्घकाळ हा मतदारसंघ समितीचा बालेकिल्ला राहिला, यामागे ही भावना होती.

१९६६ मध्ये नेमलेल्या महाजन आयोगाने १९६७ मध्ये अहवाल दिला. बेळगाव शहर कर्नाटकातच राहावे, असे त्याने म्हटले. मात्र २६४ गावे महाराष्ट्राला द्यावीत, अशीही शिफारस केली आणि त्यांत निपाणीबरोबर खानापूर व नंदगड यांचा समावेश होता. उलट दिशेने २४७ गावे कर्नाटकाला द्यावयाची होती. बेळगाव वगळलेला हा अहवाल महाराष्ट्राने नाकारला, कर्नाटकाने तो अंतिम मानावा असा आग्रह धरला, आणि अंमलबजावणी कोणाचीच झाली नाही. खानापूरच्या दृष्टीने यातील उपरोध कठोर आहे. ज्या अहवालाने खानापूर महाराष्ट्राला देऊ केले, तो बेळगावसाठी नाकारणे महाराष्ट्राला भाग पडले. आणि खानापूरच्या मतदाराने त्यानंतरही समितीलाच मत देऊन तो नकार आपलासा केला. २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. तो प्रलंबित आहे.

दावा न्यायालयात गेल्यानंतर मताचे साक्षमूल्य बदलले. निर्णय आता न्यायासनाकडून यावयाचा होता. विधानसभेतील एका-दोन आमदारांच्या उपस्थितीने तो लवकर येण्याची चिन्हे नव्हती. २००८ मध्ये नव्या पुनर्रचनेनंतरच्या पहिल्या निवडणुकीत खानापूरमधून भारतीय जनता पक्षाचे प्रल्हाद रेमाणी निवडून आले. २०१३ मध्ये समितीचे अरविंद पाटील विजयी झाले. २०१८ मध्ये समितीतील फुटीमुळे मते विभागली आणि काँग्रेसच्या डॉ. अंजली निंबाळकर निवडून आल्या. २०२३ मध्ये भारतीय जनता पक्षाचे विठ्ठल हलगेकर मोठ्या मताधिक्याने विजयी झाले आणि त्या वर्षी संपूर्ण जिल्ह्यात समितीला एकही जागा मिळाली नाही.

या निकालांचे सोपे वाचन असे की, लोकेच्छा संपली. ते वाचन अपुरे आहे. राष्ट्रीय पक्षांनी येथे विजय मिळवले ते मराठी भाषक उमेदवार देऊन आणि मराठीतून प्रचार करून. भाषेचा आग्रह मतपेटीतून नाहीसा झाला असता तर याची गरज पडली नसती. पूर्वी मराठी अस्मिता एका पक्षाची निशाणी होती. आता ती सर्वच पक्षांची पूर्वअट झाली आहे. दुसरे असे की, सीमेची मागणी आणि भाषिक अल्पसंख्याकांच्या हक्कांची मागणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एखाद्या क्षेत्रात भाषिक अल्पसंख्याक लोकसंख्येच्या १५ ते २० टक्के असतील तर महत्त्वाच्या शासकीय सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, अशी अपेक्षा केंद्र सरकारच्या १९५६ च्या निवेदनातच आहे. सातबारा उतारा मराठीत मिळावा, बसवर गावाचे नाव मराठीतही असावे, मराठी शाळेला शिक्षक मिळावा, या मागण्या करणारा मतदार कोणत्या पक्षाला मत देतो यावरून त्याचा हक्क ठरत नाही.

रेषेने ठरणारी माणसे

सीमारेषेचा परिणाम मराठी-कन्नड प्रश्नापुरता नाही. खानापूरच्या अरण्यात सिद्दी समाजाची वस्ती आहे. शेजारच्या उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दींना २००३ मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. तीच माणसे, तीच नाती, तीच सोयरीक असूनही जिल्ह्याची हद्द ओलांडली की तो दर्जा संपत असे. बेळगावी व धारवाड जिल्ह्यांतील सिद्दींचा समावेश होण्यास २०२० उजाडावे लागले. सतरा वर्षे एका रेषेने एका समाजाचे दोन भाग केले होते, आणि त्याविषयी निवडणुकीत फारसा गवगवा झाला नाही. मतसंख्या अल्प असली की अन्यायही अल्प वाटू लागतो.

२०११ मध्ये भीमगड वन्यजीव अभयारण्य घोषित झाले. त्याच्या परिसरात गवाळी, पास्टोली, आमगाव, तळेवाडी अशी गावे आहेत. पावसाळ्यात नाले भरले की वाट तुटते आणि आजाऱ्याला खांद्यावर वाहून न्यावे लागते. रस्ता मागितला तर वनकायदा आड येतो, स्थलांतर पत्करले तर देवराई, शेत आणि पूर्वजांची थडगी मागे राहतात. हा प्रश्न मराठी विरुद्ध कन्नड असा मांडता येत नाही, म्हणून तो राज्यपातळीवरच्या वादात शिरतच नाही. वास्तविक तेथील रहिवाशाच्या दृष्टीने आमदाराची खरी कसोटी तीच आहे.

लोकसभेच्या दृष्टीने खानापूर बेळगावीत नाही. कित्तूरसह ते उत्तर कन्नड मतदारसंघात मोडते. म्हणून घाटमाथ्यावरचा मतदार कारवार-कुमठा-भटकळच्या किनाऱ्याबरोबर आपला खासदार निवडतो. २०२४ मध्ये अंजली निंबाळकर यांनी तेथून लोकसभा लढवली. विश्वेश्वर हेगडे कागेरी विजयी झाले. बनवासीही याच लोकसभा मतदारसंघात येते. कदंबांच्या दोन्ही राजधान्या आज एका खासदाराच्या क्षेत्रात आहेत, हा योगायोगच. कारण आखणाऱ्यांनी ताम्रपट पाहिले नव्हते, लोकसंख्येचे आकडे पाहिले होते.

समारोप

खानापूरवर किमान चार नकाशे पसरलेले आहेत : पाण्याचा, भाषेचा, अरण्याचा आणि मतांचा. पाण्याचा निर्णय लवाद करतो, सीमेचा न्यायालय करील, अरण्याचा वनखाते करते. मतदाराच्या हातात फक्त चौथा नकाशा आहे आणि उरलेल्या तिन्हींची उत्तरे त्याच्याकडून एकाच खुणेत मागितली जातात. ती खूण एका काळी सीमेविषयीची साक्ष होती. आज तिच्यात रस्ता, शाळा, साखर कारखाना, जात आणि उमेदवाराची ओळख हे सारे मिसळलेले आहे. म्हणून १९५७ नंतरच्या मतांवरून सीमाप्रश्नाचा कौल वाचणाऱ्यांनी आणि २०२३ च्या मतांवरून तो प्रश्न मिटल्याचे सांगणाऱ्यांनीही थोडे थांबावे. दोघेही अनेक प्रश्नांच्या एकत्रित उत्तराला एकाच प्रश्नाचे उत्तर समजतात.

तौलनिक साहित्याचा अभ्यासक एका संहितेचे अनेक भाषांतील वाचन स्वाभाविक मानतो. मतदारसंघाकडेही त्याच सावधपणे पाहणे इष्ट आहे. असे पाहिले की खानापूर हे दोन राज्यांच्या भांडणातील एक गाव उरत नाही. भात लावणारे, गुरे राखणारे, दोन भाषांत हिशेब करणारे आणि पावसाळ्यात वाट तुटणारे लोक तेथे राहतात, ही साधी गोष्ट पुन्हा दिसू लागते. त्यांना आपल्या भाषेत कागद आणि आपल्या गावाला रस्ता मिळावा, यासाठी सीमाप्रश्नाच्या निकालाची वाट पाहावी लागू नये, एवढे तरी लोकशाहीने त्यांना देणे लागते.