एक माणूस, बावन्न आवाज

‘काय करायलास?’ असं पुण्याच्या होस्टेलवर सहज बोलून गेलात की समोरचे हसतात, बरोबर? मग उमापूर-गेवराईची पोरं हळूहळू ‘करायलो’, ‘जायलो’ गिळायला लागतात. स्टेजवर जायचं असेल तर आधी भाषा ‘सुधारा’, असा सल्लाही मिळतो. तो ऐकण्याआधी डॉ. लक्ष्मण देशपांडे यांची गोष्ट वाचा.

देशपांडे (१९४३-२००९) आपल्याच मराठवाडा विद्यापीठात नाट्यशास्त्राचे प्राध्यापक होते. ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ हे नाटक त्यांनी स्वतः लिहिलं आणि एकट्यानं केलं. गावातल्या पोराचं लंडनमध्ये गोऱ्या मुलीशी लग्न ठरतं आणि अख्खं वऱ्हाड विमानात बसतं, एवढीच गोष्ट. पण त्यात पात्रं बावन्न! म्हातारे, बायका, पोरंटोरं, सगळी एकाच माणसाच्या अंगात. सुमारे तीन तासांच्या या प्रयोगाची नोंद गिनीज बुकातही झाली.

हे जमायचं कसं? कपडे बदलायला विंगेत जायला वेळच नाही. त्यामुळे सगळी भिस्त गळ्यावर आणि अंगावर. आवाजाची पट्टी बदलायची, मान वाकवायची, नजर वळवायची. एकाचं वाक्य संपलं की पुढच्या क्षणाला दुसरा उभा! नुसत्या मिमिक्रीत आपण ओळखीच्या माणसाची नक्कल करतो. इथं तर प्रेक्षकांनी कधीच न पाहिलेली माणसं ओळखीची वाटायला हवीत. ती वाटली, कारण ती आपल्या मातीतली बोली बोलत होती. तीच बोली पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकांनी तिकीट काढून ऐकली.

आज हे नाटक संदीप पाठक करतो. तो कुठला? आपल्याच जिल्ह्यातल्या माजलगावचा!

आणि मुलींनो, हे काही फक्त पोरांचं काम नाही. सुषमा देशपांडे यांनी ‘व्हय, मी सावित्रीबाई’ लिहिलं आणि एकटीनं रंगमंचावर उभं केलं. नावातला पहिलाच शब्द बघा. ‘होय’ नाही, ‘व्हय’!

मग यंदाच्या युवक महोत्सवात मिमिक्रीला नाव देताना तेच ते हिरो कशाला? कॉलेजला जाताना एसटीत मोबाइल खिशात ठेवा आणि कान उघडे. कंडक्टर सुट्ट्या पैशांवरून कसा कावतो, बाजाराला निघालेली मावशी सीटसाठी कशी भांडते, आजोबा वाक्य अर्धं सोडून कुठं थांबतात, ते टिपा. एका वेळी एकच माणूस घ्या. तो नीट बसला की दुसरा. दोघांना एकमेकांशी बोलायला लावा. बघणाऱ्याला कोण बोलतंय ते न सांगता कळलं, तर जमलं समजा.

प्रमाण मराठी शिकाच, ती मुलाखतीत लागतेच. पण तिच्यासाठी घरची बोली गिळू नका. बावन्न पात्रांचा माल तिच्यातच आहे.