गाळ उपसण्याआधी गाळाची परीक्षा

बंदरातील विषारी गाळ उपसून टाकावा, हे म्हणणे सोपे; पण उपसताना गाळ ढवळला जातो आणि तळाशी पडून असलेले विष पुन्हा पाण्यात मिसळते. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील न्यू बेडफर्ड बंदरापुढे हाच पेच होता. कपॅसिटर बनविणाऱ्या कारखान्यांची ‘पीसीबी’ ही घातक रसायने तेथे अनेक दशके साचली आणि १९७९ मध्ये मासेमारीवर निर्बंध आले.

उपशामुळे किती विष सुटेल, याचा अंदाज बांधण्यासाठी एक चाचणी आहे. लिटरभर पाण्यात सुमारे १० ग्रॅम गाळ घालून त्यात तासभर हवा सोडतात, पुढे तासभर ते निवळू देतात आणि वरचे पाणी तपासतात. १९९० च्या दशकात ही चाचणी विकसित करताना न्यू बेडफर्डचाच गाळ वापरला गेला. गोम अशी, की जड कण तळाशी बसले तरी पीसीबी चिकटलेले सूक्ष्म कण तरंगत राहतात आणि काही अंश विरघळतो. त्यामुळे पाणी गाळून आणि न गाळता, असे दोनदा तपासावे लागते.

अर्थात बाटली म्हणजे भरती-ओहोटीचे बंदर नव्हे. प्रत्यक्ष उपशाच्या वेळी पाण्याचा गढूळपणा मोजत राहणे अटळ ठरते. तेथे २००४ मध्ये सुरू झालेला पाण्याखालील मुख्य उपसा २०२० मध्ये संपला. मासे खाण्यावरील निर्बंध मात्र तेव्हाही कायम होते.