चाकावरचे तास, फाटकावरचे तास

कर्जाच्या अर्जात ‘मासिक उत्पन्न’ असा एकच रकाना असतो. जुना ट्रक घेण्यासाठी आमच्याकडे येणारा चालक तो क्षणात भरतो. तासाला काय सुटते, असे विचारले की मात्र थबकतो.

केवळ समजण्यापुरते आकडे घेऊ. कळंबोली ते दिल्ली आणि परत, सुमारे 2,800 किलोमीटरची फेरी. नऊ दिवसांची, महिन्यात तीन. पगार रु. 15,000, म्हणजे फेरीच्या वाट्याला रु. 5,000. भत्ता रु. 6,500. त्यातून ढाब्यावरचे जेवण रोज रु. 350 प्रमाणे रु. 3,150, पार्किंग, आंघोळ, गोदामातले ‘चहापाणी’ मिळून रु. 1,050. हाती उरले रु. 7,300. घरी असता तरी तो जेवलाच असता, हा हिशेबनिसांचा आक्षेप. पण एक माणूस बाहेर म्हणून घरचा किराणा तेवढा घटत नाही.

आता भागाकार. ताशी 40 किलोमीटर सरासरीने स्टिअरिंगवरचे तास 70, दर रु. 104. बहुतेकांचा हिशेब इथेच थांबतो. माल भरणे, उतरवणे आणि परतीच्या मालाची वाट पाहणे यांचे 50 तास मिळवले की दर रु. 61 वर येतो. नऊ दिवसांत हे 120 तास, रोज तेरांहून अधिक. 1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाचे काम 8 तासांचे ठरवले होते! घराबाहेरचे सर्व 216 तास धरल्यास दर उरतो रु. 34. मालाची आणि डिझेलची राखण करीत केबिनमध्ये घेतलेल्या झोपेस विश्रांती म्हणावे काय, हा प्रश्न मला तरी सुटलेला नाही.

सरासरी वेग 45 वर नेला, तर 61 चे जेमतेम 65 होतात. उलट फाटकावरचे 50 तास 20 वर आले, तर तेवढ्याच पैशांत दर रु. 81 होतो. 2017 मध्ये वस्तू व सेवा कर आल्यावर विक्रीकराचे नाके उठले, 2021 मध्ये फास्टॅग सक्तीचा झाला. रस्त्यावरचा खोळंबा कमी झाला. गोदामाच्या फाटकावरचा खोळंबा मात्र चालकाच्याच माथी राहिला.

स्वतःचा ट्रक घेतल्यावर भत्ता देणारा मालक नसतो आणि उभ्या गाडीचाही हप्ता, विमा चालूच राहतो. म्हणून अर्जासोबत मी हल्ली मागील तीन फेऱ्यांच्या वेळा मागतो: गाडी फाटकाशी केव्हा लागली, रिकामी केव्हा झाली. बिल्टीच्या पाठीमागे खरडलेल्या असल्या तरी चालतात.