गाठीतल्या पाण्याची साक्ष

बाळांनो, तुमच्या जिभेच्या पार मागे, आरशातही दिसणार नाही अशा जागी एक बारीक खळगा आहे. आईच्या पोटात तुम्ही चार आठवड्यांचे होतात, तेव्हा थायरॉईड ग्रंथी तिथे अंकुरली. मग गळ्यातून खाली उतरत सातव्या आठवड्याच्या सुमारास श्वासनळीपुढे येऊन बसली. क्वचित तिची वाट पुरती बुजत नाही आणि गळ्याच्या मधोमध पाण्याची गाठ येते. जीभ बाहेर काढली की ती वर सरकते. अशा शंभर गाठींत एखादीतच कर्करोग निघतो.

मला खरी काळजी वाटते ती मानेच्या कडेच्या गाठीची. मऊ असते, दुखत नाही, म्हणून माणूस महिनोन्‌महिने अंगावर काढतो. सुई घातली की तपकिरी पाणी येतं. त्यात पेशी इतक्या थोड्या असतात की सूक्ष्मदर्शकाखाली काहीच वावगं दिसत नाही. आणि गाठ जन्मजात, साधी ठरते. पण कधीकधी थायरॉईडचा पॅपिलरी कर्करोग मानेतल्या लसिकाग्रंथीत शिरून तिला आतून पोकळ, पाणीदार करून टाकतो. थायरॉईडमधली मूळ गाठ मात्र अनेकदा हाताला लागणारही नाही इतकी लहान, काही मिलिमीटरची. पूर्वी डॉक्टरांनाही वाटे, मानेतली गाठ म्हणजे थायरॉईडचा जन्मतःच भरकटलेला तुकडा असावा! म्हणून चाळिशीनंतर अशी गाठ आली, तर कर्करोग नाही याची खात्री होईपर्यंत डॉक्टर तिला साधी म्हणत नाहीत.

मग उलगडा कसा होतो? थायरॉईडची पेशी कुठेही गेली तरी माहेरची रीत बहुधा सोडत नाही. थायरोग्लोब्युलिन हे प्रथिन तीच बनवते; लसिकाग्रंथीला ते जमत नाही. कडेच्या गाठीतल्या पाण्यात ते भरपूर सापडलं, की पेशी दिसो न दिसो, गाठ थायरॉईडची. सोनोग्राफीत गाठीच्या भिंतीला चिकटलेला घट्ट भाग आणि कॅल्शियमचे पांढरे ठिपके दिसले, तर संशय आणखी बळावतो.

मग शस्त्रक्रियेत थायरॉईड आणि त्या लसिकाग्रंथी काढतात. मागे काही पेशी उरल्याच, तर त्यांची दुसरी सवय कामी येते: त्या आयोडीन ओढून घेतात. गरज असेल त्या रुग्णाला किरणोत्सारी आयोडीन-१३१ देतात. पेशी ते स्वतःच गिळतात आणि त्याच्याच किरणांनी मरतात. बहुतेक रुग्ण पुढे कित्येक वर्षं जगतात, रोज सकाळी उपाशीपोटी थायरॉईडची गोळी घेऊन.