खारीचा वाटा? छे, खारीचा बळी!

शुक्रवारची रात्र. म्हटलं, तासभर पत्ते कुटू आणि झोपू. ‘इन्स्क्रिप्शन’ सुरू केला आणि पहाटेचे तीन वाजले, बॉस!

कॅनडाच्या डॅनियल मलिन्सचा हा २०२१चा कॉम्प्युटर गेम. २०२२मध्ये इंडिपेंडंट गेम्स फेस्टिव्हलचं सर्वोच्च बक्षीस यालाच मिळालं. अंधारी लाकडी खोली, टेबलापलीकडे फक्त दोन चमकणारे डोळे. पत्त्यांवर प्राणी. खार फुकट मिळते, पण लांडगा उतरवायचा तर दोन जिवांचं रक्त हवं. मग द्या दोन खारींचा बळी! बाजूला तराजू. प्रत्येक घावाला पारड्यात दात पडतात, पाचाचा फरक झाला की डाव खल्लास. हरताय? हाताशी पक्कड असेल तर स्वतःचाच दात उपटून पारड्यात टाका! टेबलावरून उठून खोलीतली कोडी सोडवली, की खरी गोष्ट उलगडायला लागते. पुढचं सांगत नाही, मजा जाईल.

सहाव्या डावापर्यंत माझा हात आपोआप चालायला लागला. खार, बळी. खार, बळी. आणि एकदम थबकलो. गेल्या महिन्यात डेडलाइन गाठायला टीममधल्या नव्या पोराला सलग दोन वीकेंड बसवलं होतं. ‘चालेल सर,’ म्हणाला. बिचारा दुसरं काय म्हणणार?

सोमवारी पहिलं काम केलं, त्याला दोन दिवस सुट्टी दिली. प्रेझेंटेशन मीच केलं. दात शाबूत आहेत!