पहिल्या वर्षाच्या वर्गात चवदार तळे

कसबा पेठेतून मुठा ओलांडली की शिवाजीनगरचे न्यायालय. अंतर पायी जाण्याचे. पण पेठांतल्या, वस्त्यांतल्या आपल्या अनेक घरांना हेच अंतर कापायला पिढ्या लागल्या. कोर्टाची पायरी चढलो ती आरोपी म्हणून, नाहीतर फिर्यादी म्हणून. आता त्याच घरांतली मुले-मुली एलएल.बी.ला प्रवेश घेत आहेत. मात्र मराठी माध्यमातून आलेली काही मुले पहिल्याच वर्षी इंग्रजी निकालपत्रे आणि लॅटिन सूत्रे पाहून खचतात. बुद्धी कमी पडत नाही, धीर सुटतो. म्हणून पहिल्या वर्षी काय शिकवतात, हे आईबापांनी आणि कार्यकर्त्यांनीही समजून घेतले पाहिजे.

करार, अपकृत्य, फौजदारी कायदा, कौटुंबिक कायदा आणि राज्यघटना. विद्यापीठागणिक क्रम मागेपुढे होतो, पाया हाच. जुनी पुस्तके घेताना एक पाहा : १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आहे. खुनाच्या शिक्षेचे कलम ३०२ आता १०३ झाले आहे.

अपकृत्याच्या तासाला स्कॉटलंडच्या बाटलीतली गोगलगाय भेटते. १९३२ चा तो निकाल जरूर शिकावा. पण आमचा सवाल आहे, महाडचे चवदार तळे किती वर्गांत भेटते?

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब तळ्याचे पाणी प्याले. डिसेंबरात सवर्णांनी दावा लावून तात्पुरता मनाईहुकूम मिळवला. बाबासाहेबांनी हुकूम मानला, सत्याग्रह पुढे ढकलला आणि लढाई कोर्टात नेली. वादी म्हणत होते, अस्पृश्यांना तळे बंद ही पूर्वापार रूढी आहे. महाडच्या कोर्टाने १९३१ मध्ये दावा फेटाळला, ठाण्याला १९३३ मध्ये अपील फेटाळले गेले आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयानेही वादींचे अपील फेटाळले. कारण काय? पूर्वापार रूढी त्यांना सिद्धच करता आली नाही! निकाल लागला तेव्हा बाबासाहेब मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य होते.

पहिल्या वर्षाचे सार या एका खटल्यात आहे. रूढी कायदा केव्हा होते? दीर्घकाळ, सातत्याने पाळलेली, निश्चित आणि वाजवी असेल तेव्हा. हिंदू विवाह कायद्याच्या तिसऱ्या कलमात हीच कसोटी आहे. पुराव्याचा भार कोणावर? जो रूढी सांगतो त्याच्यावर. राज्यघटनेचे कलम १३ त्याही पुढे गेले. मूलभूत हक्कांना छेद देणारी रूढी सिद्ध झाली तरी ती शून्य! १९३७ मध्ये पुराव्याअभावी हरलेली रूढी १९५० मध्ये हक्कापुढे हरली.

बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांतील सक्तीच्या विषयांत अॅट्रॉसिटी कायदा हा स्वतंत्र विषय नाही. त्यासाठी मागणी करूच. पण तोवर थांबायचे का? समाजातील वकिलांनी आठवड्यातून एक संध्याकाळ जवळच्या विहारात किंवा अभ्यासिकेत पहिल्या वर्षाच्या मुलांना द्यावी. महाडचा निकाल मराठीतून समजावून सांगावा, मग तोच इंग्रजीतून वाचून घ्यावा.

'पूर्वीपासून असेच चालते' असे कोणी म्हणाले, तर 'पुरावा काय?' असे विचारायला ज्याला जमले, त्याचे पहिले वर्ष सार्थकी लागले.