‘बसलेली’ कमान : जुन्या मोटारीच्या मागील उंचीचा विचार

जुन्या मोटारीचा जीर्णोद्धार हा विषय प्रथमदर्शनी हौसेचा वाटतो. परंतु त्यातील एकेक काम बारकाईने पाहू लागले म्हणजे त्यामागे पदार्थविज्ञान, हस्तकौशल्य आणि कारागिरांची परिभाषा या तिन्हींचा संगम असल्याचे ध्यानात येते. मोटारीची मागील बाजू योग्य उंचीवर आणणे हे असेच एक काम होय. मुंबईच्या संदर्भात त्याचा विचार करावयाचा तर उदाहरण म्हणून कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली फियाट ११०० आणि तिचीच पुढील अवस्था असलेली प्रीमियर पद्मिनी घेणे सोयीचे ठरते.

प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केली. तिची ‘फियाट ११०० डिलाइट’ १९६४ साली आली आणि १९७४ पासून हीच गाडी ‘पद्मिनी’ या नावाने ओळखली जाऊ लागली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे रूप लोकांच्या मनात या गाडीनेच निश्चित केले. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली. टॅक्सीसाठी असलेली वीस वर्षांची वयोमर्यादा संपताच, २०२३ च्या ऑक्टोबरअखेर, ती रस्त्यावरून गेली. आता या गाड्या उरल्या आहेत त्या खासगी मालकांच्या दारी. वर्सोव्यासारख्या ठिकाणी, जेथे एका अंगाला समुद्र व दुसऱ्या अंगाला मालाडची खाडी आहे, अशा गाडीचा खरा शत्रू खारी हवा हाच होय.

या गाडीच्या पुढील चाकांना गुंडाळीच्या स्प्रिंगा असतात. मागील अखंड आस मात्र दोन कमानींवर तोललेली असते. ‘कमान’ हा शब्द फारसी असून त्याचा मूळ अर्थ धनुष्य असा आहे. मराठीत तो इमारतीच्या कमानीला लागला, तसाच लवचिक पोलादी स्प्रिंगलाही लागला. या कमानीतील एकेका पट्टीस कारागीर ‘पाटा’ म्हणतात. सर्वांत लांब तो ‘मेन पाटा’ असून त्याच्या दोन्ही टोकांना डोळे वळविलेले असतात. पुढील डोळा गाडीच्या अंगाला थेट जोडलेला असतो, तर मागील डोळा ‘शॅकल’ नावाच्या हलत्या दुव्याने जोडलेला असतो. कमान दबली की तिची लांबी वाढते. त्या वाढीला वाट करून देणे हे शॅकलचे कार्य.

गाडीची मागील बाजू खाली आली म्हणजे कारागीर म्हणतो, ‘गाडी मागून बसली.’ ‘बसणे’ या एकाच क्रियापदात येथे निदान चार निरनिराळ्या घटना सामावलेल्या असतात. उंची जुळविण्याच्या कामातील पहिली पायरी म्हणजे या चार अर्थांची फोड करणे. ती न करता हातोडा उचलला तर दोष एकीकडे आणि उपाय दुसरीकडे अशी अवस्था होते.

पहिला अर्थ पोलादाच्या थकव्याचा. वर्षानुवर्षे भार सोसून पाट्याची मूळ वक्रता कमी होते. दुसरा अर्थ झिजेचा. कमानीचा कडकपणा पाट्यांच्या संख्येच्या व रुंदीच्या सम प्रमाणात असतो, लांबीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असतो आणि जाडीच्या घनाच्या सम प्रमाणात असतो. यातील शेवटचे कलम विशेष महत्त्वाचे आहे. गंजामुळे सहा मिलिमीटरचे पाटे ५.४ मिलिमीटर झाले, म्हणजे जाडी केवळ दहा टक्क्यांनी घटली, तर कडकपणा ०.७२९ पट उरतो. म्हणजेच सुमारे सत्तावीस टक्के घटतो. शिवाय गंजाने पडलेल्या बारीक खड्ड्यांतून तडे सुरू होतात. असा पाटा पुन्हा वाकवून उंची मिळेल. विश्वास मिळणार नाही.

तिसरा अर्थ गाडीच्या अंगाचा. या गाडीला स्वतंत्र चासी नाही; पत्र्याचे अंग हाच तिचा सांगाडा. शॅकल ज्या ठिकाणी टेकतो तेथील पत्रा गंजून आत दबला असेल, तर कमान निर्दोष असूनही गाडी बसलेली दिसते. चौथा अर्थ तर केवळ आभासाचा असतो. पुढील एका बाजूची स्प्रिंग खचली तर तिच्या समोरील कर्णावरचा मागील कोपरा वर उचलला जातो आणि दुसरा मागील कोपरा दोषी ठरतो. याची परीक्षा सोपी आहे. गाडीचा पुढील भाग बरोबर मध्यावर एकाच जॅकने उचलावा. मागील तिरपेपणा नाहीसा झाला तर दोष पुढचा; तो तसाच राहिला तर मागचा.

मोजमापाची रीतही काटेकोर हवी. जमीन समतल व चाकांतील हवा समान असावी, आणि गाडी थोडी पुढेमागे ढकलून चाकांवरील ताण सोडवावा. उंची बंपरपासून जमिनीपर्यंत मोजू नये. चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्याच्या कडेपर्यंत मोजावी, म्हणजे टायरचा प्रश्न उरत नाही. पाट्या-पाट्यांतील घर्षणामुळे गाडी जेथे ढकलावी तेथेच अडून राहण्याचा संभव असतो. म्हणून मागील भाग एकदा दाबून सोडावा व माप घ्यावे, एकदा उचलून सोडावा व पुन्हा माप घ्यावे. दोहोंची सरासरी ही खरी उंची आणि दोहोंतील अंतर हे घर्षणाचे माप. समजा दाबल्यावर २८० व उचलल्यावर ३०० मिलिमीटर भरले; तर उंची २९० धरावी आणि वीस मिलिमीटरचा फरक पाहून आधी कमान उकलून साफ करावी.

उपायांचा विचार करताना प्रत्येकाची किंमत ओळखली पाहिजे. जादा पाटा घालणे हा टॅक्सीवाल्यांचा जुना उपाय. पाच पाट्यांचे सहा केले, सर्व सारखे मानले, तर उंचीबरोबर कडकपणाही वीस टक्क्यांनी वाढतो. डिकीत सीएनजीचे सिलिंडर आणि टपावर सामान असताना हे शोभत असे. जीर्णोद्धारात सिलिंडर काढले आणि पाटा तसाच राहिला, की गाडी शेपूट वर करून उभी राहते आणि खड्ड्याखड्ड्याला उडते. अशा वेळी गाडी ‘उंच का’ याचे उत्तर कमानीत नसून तिच्या पूर्वायुष्यात असते.

लांब शॅकल लावल्यास कमानीचे मागील टोक जितके खाली जाते त्याच्या साधारण निम्मी उंची वाढते, कारण आस कमानीच्या मध्याजवळ असते. परंतु कमान तिरपी झाल्याने आसही फिरते आणि प्रॉपेलर शाफ्टचा कोन बिघडतो. आस व कमान यांमध्ये ठोकळा घातला तर उंची ठोकळ्याच्या जाडीइतकीच बदलते. पण ब्रेक दाबताना कमानीवर येणारा पीळ वाढतो. गॅसच्या ज्योतीने पाटा तापवून वाकविणे हा तर सर्वांत घातक मार्ग. त्या ठिकाणचे पाणी उतरते आणि पाटा पुन्हा बसतो किंवा मोडतो. कमान नव्याने चढवावयाची तर ती जाणत्या कारागिराकडे पूर्ण उकलून, तडे तपासून, आणि तापविली असल्यास पुन्हा रीतसर पाणी देऊनच चढविली पाहिजे. पाटे झिजलेले असतील तर नवी कमान हाच उपाय.

या दृष्टीने जर्मन फोक्सवागन बीटलची योजना उद्बोधक आहे. तिच्या मागील बाजूस पीळ सोसणारा पोलादी दांडा असून त्याच्या आतील टोकास ४० व बाहेरील टोकास ४४ दाते असतात. आत एक दाता म्हणजे ९ अंश, बाहेर एक दाता म्हणजे सुमारे ८ अंश ११ कला. एक दाता इकडे व एक उलट फिरविला तर फरक सुमारे ४९ कलांचाच राहतो. तेथे उंची जुळविण्याची सोय रचनेतच आहे. पद्मिनीत ती नाही; तिची उंची कमानीच्या वक्रतेत साठविलेली असते. म्हणून तेथे दात्यांची गणती उपयोगी पडत नाही, कारागिराची पारख लागते.

ही उंची केवळ शोभेची बाब नाही. या गाडीच्या दोन आसांमधील अंतर २३४० मिलिमीटर आहे. मागील बाजू २५ मिलिमीटर खाली गेली तर गाडी सुमारे ०.६ अंशाने मागे झुकते आणि दिव्यांचा झोत दहा मीटरवर साधारण १०७ मिलिमीटर वर चढतो. समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. जुळणी करताना शॅकलचे बोल्ट गाडी चाकांवर उभी करूनच शेवटचे आवळावेत. अधांतरी आवळल्यास रबरी बुश पिळून बसतात व खोटी उंची दाखवितात. काही दिवस गाडी चालवून पुन्हा मोजावे.

कायद्याचीही एक बाजू आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या खासगी गाडीस ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी मिळू शकते. मात्र सांगाडा, बाह्य कवच वा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. शॅकलची जागा कापून उंची साधणे हे त्या अटीशी विसंगत ठरण्याचा संभव आहे.

तात्पर्य, दोष ओळखणे हे या कामाचे अर्ध्याहून अधिक अंग होय. ‘पाटा बसला’, ‘कमान चढविली’, ‘पाणी उतरले’ हे शब्दप्रयोग कोणत्याही पुस्तिकेतून आलेले नाहीत. हाताच्या अनुभवातून ते घडले आहेत. टॅक्सी गेली तसा या शब्दांचा नित्याचा व्यवहारही आटू लागणार. गाडीच्या सुट्या भागांबरोबर कारागिराचे हे शब्द आणि त्यांमागील भेद टिपून ठेवले, तरच पुढे कमान चढविणाऱ्यास ती किती चढवावयाची हे कळेल.